कर्मणी प्रयोग

डॉ. झुवैना पेन्सिलीने खोडतात, लाल शाईने नाही.
पहिल्या मसुद्यातून माझं 'अतिशय' गेलं,
मग 'रम्य', मग 'दुर्दैवाने'.
'पहाट' होती तिथे ०४:४० आलं.
समासात बारीक अक्षर: कोण म्हणतं? संदर्भ?

आता हे आईला कसं सांगू.
रुवीच्या फ्लॅटमध्ये तिचं अर्धं जग 'म्हणे'वर उभं आहे.
खालचे नाईक म्हणे कायमचे परत चालले.
व्हिसाचे नियम म्हणे पुन्हा बदलणार.
तिवराच्या लाकडाला म्हणे वाळवी लागत नाही.
शेवटचं मी शोधून पाहिलं. तीन निबंध मिळाले,
त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.
"म्हणजे म्हणेच की," आई म्हणाली.

तिवराला मस्कतमध्ये कुरुम म्हणतात.
ओहोटी लागली की चिखलातून वर येतात
पेन्सिलीएवढी मुळं, श्वास घ्यायला.
मी मीटरभराची चौकट टाकायची आणि मोजायची.
जून महिना. तिसऱ्या चौकटीपाशी
डोळ्यांपुढे अंधारी आली.
होडीवाल्या खमीसने सावलीत बसवलं,
हातात गार लबानची बाटली दिली.
उरलेली मुळं मोतालेबने मोजली:
नोआखालीचा, विद्यापीठाच्या बागेतला माळी,
खरं तर बादल्या उचलायला आलेला.
आकडे त्याने थर्माकोलच्या झाकणावर लिहून दिले.

प्रबंधात मी लिहिलं:
मुळांची मोजणी करण्यात आली.
कोणी, ते वाक्यात नव्हतं.
वाक्य चांगलं होतं. डॉक्टरांनीही त्याला हात लावला नाही.

फक्त आलेखात तिसरी चौकट
एकटीच उंच. अठ्ठ्याऐंशी.
शेजारणी चाळीस-पंचेचाळीसच्या घरात.
मग मी चर्चेत दीड पान रचलं:
क्षारता, गाळाचा पोत, खेकड्यांची बिळं,
'असे सूचित होते', 'शक्यता नाकारता येत नाही',
सात संदर्भ.
आयुष्यात इतकं सफाईदार मी काही लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात ते झाकण सापडलं, गाडीच्या डिकीत.
मोतालेब बोगनवेलीला पाणी घालत होता.
"हे आठ ना?"
"आठ ना आपा, चार."
वाळूत काडीने काढून दाखवला:
बंगाली चार. वर एक गोल, खाली एक गोल.
चव्वेचाळीस.

दीड पान पुसायला एक कळ पुरते.

दहावीपर्यंत मी देवगडला होते.
पडवळबाई शिकवायच्या: प्रयोग तीन,
कर्तरी, कर्मणी, भावे.
मला वाटायचं, प्रयोग तर वरच्या मजल्यावर,
ब्युरेट असते तिथे होतात.
'तिने पोळी लाटली.' बाई विचारायच्या, क्रियापद कोणाचं ऐकतं?
पोळीचं.
आणि ती?
ती कुठे जात नाही. 'ने' लावून तिथेच उभी असते,
दाराशी, पिठाच्या हातांनी.

त्या रात्री इंग्रजीतच लिहिलं, पण मनात मराठी धरून:
तिसऱ्या चौकटीतली मुळे मोतालेब हुसेन यांनी मोजली.
त्यांचे आकडे वाचताना माझी चूक झाली; ती दुरुस्त केली आहे.

डॉ. झुवैनांनी पेन्सिल उचलली.
बराच वेळ ती कागदाच्या बोटभर वर थांबली.
मग समासात लिहिलं:
नावाचं स्पेलिंग तपास.

मोतालेबने पाकिटातून रेसिडेंट कार्ड काढलं.
"यात चूक आहे आपा. पण आता सगळीकडे तीच आहे."
मग झारी खाली ठेवून
काडी शोधायला लागला.